गाळ्याला भाव, धंद्याला भंगार

औद्योगिक वसाहतीतला एखादा जॉबवर्कचा गाळा डोळ्यांसमोर आणावा. दोन लेथ, एक मिलिंग, कोपऱ्यात ड्रिल. भिंतीलगतच्या रॅकवर जिग आणि फिक्श्चर ओळीने मांडलेली, प्रत्येकावर ऑइलपेंटने पार्ट नंबर टाकलेला. टेबलाच्या खणात मोठ्या कंपनीच्या ड्रॉइंगच्या घड्या आणि त्यांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक सूचना: या कास्टिंगला डावीकडून जास्त कट घेऊ नये, या बोअरला शेवटचा पास हळू. वीस-पंचवीस वर्षांच्या रिजेक्शनमधून ही अक्षरे आलेली असतात. मालक सदुसष्ट वर्षांचा, मुलगा आयटीत, मुलगी परदेशात. एक दिवस मालक ठरवतो, आता पुरे. गाळ्यासाठी एजंटला फोन जातो आणि गाळ्याला चांगली किंमत येते. मशिने जुन्या मशिनरीचा व्यापारी उचलतो. फिक्श्चर भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने जातात, ड्रॉइंगचे गठ्ठे रद्दीत. तिघे ऑपरेटर दुसरीकडे काम शोधतात, कंपनीचे खरेदी खाते दुसरा व्हेंडर शोधते. या व्यवहारात भिंती विकल्या गेल्या, लोखंड विकले गेले. रोज काम आणणारी आणि पैसा मिळवून देणारी जी गोष्ट तिथे होती, तिची किंमत कोणी विचारलीही नाही.

हे फक्त लेथच्या गाळ्यांचे होत नाही. छापखाना, खानावळ, मिठाईचे दुकान, औषधांचे दुकान, बेकरी, टेम्पोचा धंदा, सगळीकडे हेच घडते. घर, जमीन, सोने यांच्या खरेदी-विक्रीत आपली माणसे तरबेज आहेत; सातबारा कसा वाचावा हे खेड्यातला माणूसही सांगेल. चालू धंदा विकत घेताना किंवा देताना मात्र दोन्ही बाजू चाचपडतात. याचे खापर बहुधा पुढच्या पिढीवर फुटते: मुले धंद्यात येत नाहीत, म्हणून धंदे बंद पडतात. हे निदान अपुरे आहे. मुलाने वेगळी वाट धरली म्हणून धंदा मरण्याचे कारण नाही, तो दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ शकतो. तो जात नाही याची कारणे दोन. धंद्याची कमाई कागदावर सिद्ध होत नाही, आणि धंदा मालकापासून सुटा होत नाही. दोन्ही गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत आणि त्या विक्रीच्या बऱ्याच आधी करायच्या असतात, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

जागेला भाव आणि धंद्याला शून्य, ही आपली सवय जुनी आहे आणि तिला कायद्याचाही हात लागला आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला आपली जागा परस्पर दुसऱ्याला देण्यास बंदी केली. पण १९४८ मध्ये सरकारने एका अधिसूचनेने एक वाट मोकळी ठेवली: मालाचा साठा आणि नावलौकिक यांसह चालू धंदा विकत असाल, तर त्याच्यासोबत दुकानाची भाडेकरारी जागाही देता येईल. हेतू सरळ होता. धंदा हातबदल होऊन टिकावा, जागा नाही म्हणून तो मोडू नये. प्रत्यक्षात अनेकांनी ही तरतूद उलटी वापरली. विकायची असायची जागा. कागदावर मात्र धंदा, माल आणि गुडविल यांची विक्री दाखवली जायची. मग घरमालक कोर्टात जायचा आणि खरेच धंदा विकला होता की नुसता गाळा, याचा कीस न्यायालयांना काढावा लागायचा. पुढे १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पगडीच्या व्यवहाराला मान्यता दिली. तोवर दोन पिढ्यांच्या व्यापाऱ्यांच्या मनात पक्के बसले होते की दुकान विकणे म्हणजे जागा विकणे, आणि ‘गुडविल’ हा दस्तात घालायचा एक शब्द आहे.

गुडविल ही पोकळ गोष्ट नव्हे. जुने गिऱ्हाईक जुन्या ठिकाणी पुन्हा येण्याची शक्यता, अशी तिची सोपी कल्पना इंग्लंडमधल्या एका न्यायाधीशाने १८१० साली मांडली आणि ती अजून शिकवली जाते. आपल्या १९३२च्या भागीदारी कायद्यातही गुडविल ही पेढीची मालमत्ताच आहे. प्रश्न तिचे मोल काढण्याचा आहे, आणि तिथे विकणाऱ्याचा हिशेब हमखास चुकतो. समजा, एका पोळी-भाजी केंद्राच्या मालकाच्या हाती वर्षाला १२ लाख रुपये उरतात. तो म्हणतो, माझा धंदा वर्षाला १२ लाख मिळवतो. पण तो स्वतः पहाटे पाचपासून गल्ल्यावर आणि मंडईत राबतो. त्याच्या जागी माणूस ठेवायचा तर महिना ३५,००० म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार लागतील. बायको भटारखाना सांभाळते. त्या कामाचा पगार महिना २५,००० धरला तर ३ लाख. जागा स्वतःची, म्हणून भाडे नाही; बाजारभावाने तेही वर्षाला ३ लाख पडले असते. हे सगळे वजा केले की उरतात १ लाख ८० हजार. ही धंद्याची खरी कमाई. बाकीचे दहा लाख म्हणजे नवराबायकोची मजुरी आणि गाळ्याचे भाडे, आणि ते विकता येत नाहीत. स्वतः राबायची तयारी असलेला खरेदीदार थोडे जास्त देईल, कारण त्याला धंद्याबरोबर रोजगारही मिळतो. पण किंमत ठरायला सुरुवात व्हायची ती या वजाबाकीनंतर. ही वजाबाकी न केल्यामुळे मालक भलताच आकडा सांगतो, खरेदीदार परततो आणि मालकाला वाटते, कोणाला कदर नाही.

त्यापुढची अडचण जास्त गंभीर आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याचे सांगणे थोडक्यात असे: गाडीत दोष आहे की नाही हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना खराब गाडीचा भाव लावतो आणि त्या भावात चांगली गाडी विकायला कोणी आणतच नाही. आपल्याकडचा चालू धंद्यांचा बाजार अगदी या अवस्थेत आहे. ‘चालू धंदा विकणे आहे’ अशी जाहिरात दिसली की पहिली शंका येते, चालतोय तर विकतो कशाला? ही शंका फक्त कागद फेडू शकतात, आणि कागद अर्धेच असतात. विवरणपत्रात नफा ४ लाख, तोंडी १०. विकणारा हळूच म्हणतो, खरा धंदा वेगळा आहे, ती वही घरी आहे. समोरच्याने कोणत्या वहीवर विश्वास ठेवायचा? म्हणून हुशार खरेदीदार वही बाजूला ठेवतो आणि मुकी साक्ष शोधतो. बेकरी असेल तर महिन्याला मैद्याची पोती किती येतात हे तो गिरणीवाल्याच्या बिलांवरून मोजतो, कारण एका पोत्यात साधारण किती पाव निघतात हे त्या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असते. पिठाची गिरणी असेल तर विजेच्या बिलावरचे युनिट बघतो. खानावळ असेल तर गॅसचे सिलिंडर, आणि आठवडाभर समोरच्या टपरीवर बसून किती माणसे आत गेली याची मोजदाद. ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर बँक कर्ज देत नाही. बँकेला विवरणपत्र लागते, जीएसटीचे भरणे लागते. म्हणजे दुसऱ्या वहीतल्या कमाईवर खरेदीदाराला कर्ज नाही आणि कर्ज नाही म्हणून विकणाऱ्याला किंमत नाही.

यावर व्यापारी म्हणेल, कर पूर्ण भरला असता तर इतकी वर्षे हाती काय राहिले असते? कर चुकवणे बेकायदा आहे, हे उत्तर पुरेसे आहे. पण आकड्यांनीही उत्तर द्यावे, कारण आकडे व्यापाऱ्याच्याच बाजूचे निघतात. समजा, वर्षाला ५ लाखांचा नफा दाखवला जात नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर सुमारे दीड लाख कर वाचतो. विक्रीच्या वेळी खरेदीदार साधारण मागची तीन वर्षे बघतो. त्या तीन वर्षांत सगळा नफा वहीत आणला तर जास्तीचा कर साडेचार-पावणेपाच लाख. सिद्ध झालेल्या वार्षिक नफ्याच्या तिप्पट किंमत मिळते असे धरले, तर त्या पाच लाखांमुळे किंमत १५ लाखांनी वाढते. तीन वर्षांहून जुना धंदा एकत्रित विकला तर त्या वाढीव किमतीवर सध्याच्या दराने साडेबारा टक्के दीर्घकालीन भांडवली कर, म्हणजे दोन लाखांच्या आत. सगळे देऊन आठ लाखांच्या वर शिल्लक राहतात. तिप्पट हा आकडा इथे उदाहरणापुरता आहे. कुठल्या धंद्याला दुप्पट मिळेल, कुठल्याला पाचपट. पण दुप्पट धरली तरी हिशेब तोट्यात जात नाही. लपवलेला रुपया एकदाच वाचतो, दाखवलेला रुपया किमतीत पटीने मोजला जातो.

दुसरी गाठ मालक आणि धंदा यांच्यात असते. पुरवठादार मालकाच्या शब्दावर उधारीने माल देतो, मसाल्याचे प्रमाण फक्त मालकाच्या बोटांत असते, कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवस उधारी द्यायची हे त्याच्या डोक्यात असते, आणि सगळे फोन त्याच्या खासगी मोबाइलवर येतात. असा धंदा मालकाबरोबर उठून निघून जातो. ही गाठ एका रात्रीत सुटत नाही. म्हणूनच जाणते खरेदीदार धंदा टप्प्याटप्प्याने घेतात. मुंबईच्या बादशाह मसाल्याचे उदाहरण मोठे असले तरी बोलके आहे. १९५८ मध्ये झवेरी कुटुंबाने उभा केलेला हा धंदा २०२२ मध्ये डाबरने घेतला, तेव्हा सुरुवातीला ५१ टक्के हिस्साच घेतला, ५८७ कोटी ५२ लाख रुपयांना, आणि उरलेला ४९ टक्के पाच वर्षांनंतर घ्यायचे ठरवले. एवढी मोठी कंपनीही जुन्या मालकांना लगेच मोकळे करत नाही. गाळ्याच्या पातळीवर हेच तत्त्व साध्या रूपात चालते: सहा महिने किंवा वर्षभर जुन्या मालकाने रोज दुकानात बसायचे, प्रत्येक पुरवठादाराशी नव्या माणसाची गाठ घालून द्यायची, प्रमाणे वजनासह लिहून द्यायची, आणि किमतीचा काही भाग या काळानंतर, गिऱ्हाईक टिकले तर घ्यायचा. लेथच्या गाळ्यातल्या त्या पेन्सिलीच्या सूचनांची फाइल झाली असती, तर ती फाइल म्हणजेच धंदा होता.

कायद्याची बाजू लोकांना वाटते तेवढी आडमुठी नाही. पूर्ण धंदा चालू स्थितीत दिला तर त्या विक्रीवर जीएसटी लागत नाही. ही सूट २०१७ पासून आहे. सुटी यंत्रे आणि माल वेगवेगळा विकला तर मात्र तो लागतो, म्हणजे मोडून विकणे इथेही महाग पडते. जीएसटी क्रमांक पॅनला जोडलेला असल्याने तो हातबदल होत नाही, पण वहीत शिल्लक असलेले क्रेडिट आयटीसी-०२ या अर्जाने नव्या मालकाकडे नेता येते. सावधगिरी बाळगायची ती जुन्या देण्यांबद्दल: हस्तांतराच्या दिवसापर्यंतच्या जीएसटी थकबाकीला कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात आणि भविष्यनिर्वाह निधीचेही तसेच आहे. परवान्यांचे प्रत्येकाचे वेगळे. औषध दुकानाच्या पेढीची रचना बदलली तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा काढावा लागतो. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, तो देताना महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते. धंदा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर भाग विकले की कंपनी जशीच्या तशी राहते, करार आणि बहुतेक परवान्यांसकट. तिची जुनी पापेही अर्थात तिच्याबरोबरच येतात.

आता आक्षेपांकडे. सर्वांत मनाला लागणारा आक्षेप असा, की आजोबांनी लावलेले नाव परक्याला कसे विकायचे? ही भावना खरी आहे, तिची टर उडवण्यात अर्थ नाही. पण नावाचे काय होते ते बघावे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनमध्ये २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला. कॅम्लिन शेअर बाजारात नोंदलेली होती, तरी लोकांच्या मनात ती दांडेकरांचीच होती, आणि मराठी घरांत तेव्हा हळहळ झाली. आज मुलांच्या दप्तरात कॅम्लिनची कंपासपेटी आहेच आणि कंपनीच्या नावात कॅम्लिनही आहे. विक्रीने नाव पुसले गेले नाही. बंद पडलेल्या दुकानाची पाटी मात्र नवा गाळेवाला पहिल्या आठवड्यात उतरवतो. तरीही ज्याला विकायचेच नाही, त्याने विकू नये. बिसलेरीच्या रमेश चौहान यांनी २०२२ मध्ये खरेदीदार शोधला, टाटांशी बोलणी झाली, २०२३च्या मार्चमध्ये ती थांबली आणि धंद्याची धुरा मुलीकडे राहिली. विकण्याजोगा धंदा असला की न विकण्याचाही पर्याय उरतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मुंबई-पुण्यात वजनदार आहे: गाळा कोटींचा, धंदा लाखांचा; मग धंद्यासाठी कोण झगडेल? मान्य. अशा ठिकाणी जागेच्या किमतीपुढे धंद्याची कमाई कधीच टिकणार नाही. पण दोन्ही एकाच माणसाला विकले पाहिजेत असे कुठे आहे? गाळा स्वतःकडे ठेवावा, रीतसर भाडेकरार करावा आणि धंदा त्या जागेत चालवायला दुसऱ्याला विकावा. म्हातारपणी महिन्याचे भाडे आणि धंद्याचे हप्ते असे दोन झरे राहतात. घेणाऱ्यालाही कोटींची जागा न घेता धंदा मिळतो. नोकरीची दहा-पंधरा वर्षे झालेल्या, हातात थोडी पुंजी असलेल्या तरुणाला शून्यातून दुकान टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक दारात असते.

कामगारांचे काय, हा प्रश्न विक्रीच्या विरोधात मांडला जातो. नवा मालक माणसे काढेल ही भीती रास्त आहे. तिची तुलना मात्र बंद पडलेल्या दुकानाशी करायला हवी, तिथे सगळेच जातात. कायद्याचे तत्त्व स्पष्ट आहे: उद्योग हस्तांतरित झाला तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला भरपाई मिळाली पाहिजे, नाहीतर नव्या मालकाने त्याची नोकरी अखंड धरून, अटी आधीपेक्षा कमी न करता, जुन्या वर्षांची जबाबदारी उचलली पाहिजे. औद्योगिक विवाद कायद्यातले हे तत्त्व नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. छोट्या दुकानांत ते पाळले जात नाही ही खंत आहे, आणि म्हणून करारात कामगारांची नावे, रुजू झाल्याच्या तारखा आणि साठलेली ग्रॅच्युइटी लिहिण्याचा आग्रह विकणाऱ्याने धरावा. ज्यांनी पंचवीस वर्षे दुकान उघडले, त्यांच्यासाठी एवढे करणे मालकाचे कर्तव्यच आहे.

विश्वासघाताची भीती दोन्हीकडून असते. घेणाऱ्याला वाटते, हा आज पैसे घेईल आणि उद्या समोरच्या गल्लीत नवे दुकान टाकेल. आपल्या १८७२च्या करार कायद्यात कोणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार सहसा टिकत नाही, पण गुडविलच्या विक्रीला त्यात मुद्दाम अपवाद ठेवला आहे: ठरावीक हद्दीत, वाजवी मर्यादेत, तसाच धंदा करणार नाही असे विकणारा लिहून देऊ शकतो. विकणाऱ्याची भीती हप्ते बुडण्याची. त्यावर बँक गॅरंटी, तारण, किंवा शेवटचा हप्ता येईपर्यंत नावाची मालकी न सोडणे, असे उपाय आहेत. वकील आणि सीए यांच्या फीला लोक कचरतात, पण घर घेताना हाच खर्च कोणाला जड वाटत नाही.

जपानने या प्रश्नाकडे राष्ट्रीय प्रश्न म्हणून बघितले. २०२५ पर्यंत सत्तरी ओलांडलेले सुमारे २४ लाख ५० हजार छोटे-मध्यम उद्योजक असतील आणि त्यांतल्या १२ लाख ७० हजारांना वारस नसेल, असा अंदाज तिथल्या सरकारने आधीच काढला होता. त्यासाठी सर्व ४७ प्रांतांत उद्योग-हस्तांतर साहाय्य केंद्रे उघडली, जिथे विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून दिली जाते. आपल्याकडे व्यापारी संघटना आहेत, चेंबर आहेत, जिल्हा उद्योग केंद्रे आहेत. नवा उद्योग सुरू करण्यासाठी त्यांच्याकडे योजना आहेत. चालता उद्योग योग्य हाती देण्याची एक खिडकीही त्यांनी उघडावी, ही मागणी व्यापाऱ्यांनीच त्यांच्या दारात नेली पाहिजे.

आणि वाचकांपैकी ज्यांचा स्वतःचा धंदा आहे आणि वय साठीकडे झुकले आहे, त्यांना एक विनंती. घेणारा मागच्या तीन वर्षांच्या वह्या मागतो. पासष्टाव्या वर्षी थांबायचे असेल तर एक वही, एकच वही, बासष्टाव्या वर्षी सुरू झालेली असली पाहिजे. येत्या एप्रिलपासून ती सुरू करा.